उंबरा नसलेली चाळीस घरे

पूर्वी चंपकवती नगरीत ऋतुपाल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व अमात्यकुळात जन्मला होता. वयात आल्यावर नगराची सारी व्यवस्था त्याच्या हाती आली. माणूस कामसू होता, पण आपण काढलेल्या वाटेवर त्याचा जरा जास्तच विश्वास असे.

नगराच्या नदीकाठी घाटपेठ नावाची जुनी वस्ती होती. तिथली गटारे तुंबलेली, भिंती कललेल्या, आणि दर वर्षी ताप घरोघर फिरायचा. राजाने ती पेठ नव्याने बांधायचे ठरवले. दरबारातल्या बहुतेकांचा सल्ला एकच होता, की माणसे वेशीबाहेर घालवावीत आणि जागा व्यापाऱ्यांना द्यावी. दुसऱ्याच्या घरावर नांगर फिरवायचा सल्ला द्यायला कुणाचे काही जात नाही.

बोधिसत्त्व मात्र राजाला म्हणाला, "महाराज, ज्यांनी तिथला चिखल तुडवला, त्यांनाच तिथली फरसबंदी मिळावी. एकालाही बाहेर काढू नये."

राजाला ते पटले. त्याने भर दरबारात शब्द दिला की घाटपेठेतला एकही माणूस बेघर होणार नाही, जितके उंबरे तितकी नवी घरे. त्या देशात घरे उंबऱ्यांवरूनच मोजण्याची रीत होती. बोधिसत्त्वाने मोजणीदार धाडले. तीनशे बारा उंबरे भरले. मग लोकांनी आमराईत झोपड्या घातल्या, आणि दोन वर्षे खपून पेठ नव्याने उभी राहिली. सरळ रस्ते झाले, झाकलेली गटारे झाली, नदीच्या कडेला राजासाठी एक जलमंडपही झाला. गृहप्रवेशाच्या दिवशीच बोधिसत्त्वाला महामात्यपदाची वस्त्रे मिळायची होती.

चार दिवस आधी तो स्वतः आमराईत घरांच्या मातीच्या मुद्रा वाटायला गेला. एकेक कुटुंब पुढे येई, मुद्रा कपाळाला लावी आणि हसत परत जाई. दुपारी मुद्रा संपल्या. तरी चाळीस कुटुंबे उभीच होती. ते सगळे बुरूड होते, वेळूच्या टोपल्या आणि सुपे विणणारे.

बोधिसत्त्वाने नोंद पाहिली. "तुमचे उंबरे इथे लिहिलेले नाहीत," तो म्हणाला.

वेणुका नावाची म्हातारी पुढे आली. ती त्यांच्यातली सर्वांत वडीलधारी होती. "उंबरा कसा असेल, अमात्यबाबा? वीस-वीस हातांचे वेळू आम्ही ओढत घरात नेतो. उंबरा घातला तर वेळू तरी अडकेल, नाहीतर ओढणारा तोंडावर आपटेल. आमच्या बापजाद्यांनीसुद्धा कधी घातला नाही."

"मोजणीदार तुमच्या गल्लीत आलेच नाहीत का?"

"आले होते की. मी त्यातल्या एकाला पाणी दिलं. त्यानं दाराशी खाली बघितलं न् पुढं गेला. मला वाटलं, राजाचा माणूस आहे, त्याला सगळं ठाऊक असेल."

मोजणीदाराची चूक नव्हती. उंबरे मोजा, असे बोधिसत्त्वानेच सांगितले होते. आत कोण राहते हे विचारा, असे सांगायचे त्याच्या मनातच आले नव्हते.

कोषाध्यक्ष विरूपाक्ष सोबत होता. त्याने बोधिसत्त्वाला आंब्याखाली बाजूला घेतले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, अमात्य. हे घरांच्या आशेने बाहेरून आले, म्हणून सांगा. चाळीस बुरडांसाठी कोण चौकशी करतो? एकदा महामात्य व्हा, मग अधिकार हाती आला की करा त्यांचे भले."

या बोलण्यात विष होते तसा थोडा गोडवाही होता. अधिकार आला तर खरेच किती जणांचे भले करता येईल! बोधिसत्त्व तिथेच बसला. समोर वेणुका जमिनीवर बसून एक अर्धी टोपली विणत होती, आणि तिची नातसून नव्या घरात चूल कुठे मांडायची, हे अजूनही शेजारणीला सांगत होती. या बाईला आपण उपरी म्हणायचे, आणि तेही तिच्याच भल्याचे नाव घेऊन! त्याला स्वतःची शिसारी आली. जन्मोजन्मीच्या वाटचालीत बोधिसत्त्वाच्या हातून चुका झाल्या, पण जाणूनबुजून खोटे त्याच्या तोंडून कधी निघाले नाही, असे जाणते सांगतात.

गृहप्रवेशाच्या दिवशी शेजारच्या राज्यांचे दूत आले होते. राजाने सर्वांदेखत विचारले, "अमात्य, घाटपेठेतल्या प्रत्येकाला घर मिळाले ना?"

"नाही, महाराज. बुरडांची चाळीस कुटुंबे उघड्यावर आहेत. मी उंबरे मोजले, माणसे मोजली नाहीत. दोष माझा आहे."

सभेत कुजबुज सुरू झाली. राजाचा चेहरा लाल झाला. "दूतांसमोर मला खोटा पाडलेत!"

"महाराज, मी आज गप्प बसलो असतो तर आपला शब्द कायमचा खोटा ठरला असता. आज तो पुरा करता येईल."

"कसा? एक हातभर जागा उरलेली नाही!"

"ते मी सांगू नये. मागच्या वेळी मी त्यांना न विचारता सांगितले, म्हणून ही वेळ आली. त्यांनाच विचारावे."

वेणुकेला बोलावले गेले. ती राजासमोर येऊन उभी राहिली. "महाराज, आम्हाला पक्कं घर नको. वेळू भिजवायला नदी पायाशी पाहिजे, न् तो पसरायला लांब जागा. आमची गल्ली होती, तिथं तुमचा मंडप आहे."

त्या मंडपाचा एकेक खांब राजाने स्वतः निवडला होता. त्याने मंडपाकडे पाहिले.

"मंडप उतरवा," तो म्हणाला. मग बोधिसत्त्वाकडे वळून म्हणाला, "तुम्ही खरे बोललात, म्हणून माझा शब्द राहिला. पण चाळीस घरे ज्याच्या नजरेतून सुटतात, त्याच्या हाती नगर देता येत नाही. आजपासून तुम्ही अमात्यही नाही."

बोधिसत्त्वाने वाकून नमस्कार केला आणि बोटातली अमात्यपदाची मुद्रिका उतरवून ठेवली. महामात्यपदाची वस्त्रे विरूपाक्षाला मिळाली.

पुढे राजाने नवा नियम केला. कुठल्याही गल्लीची मोजणी संपली की एकाने तिच्या टोकाशी उभे राहून तीनदा हाक द्यावी, "कोणी मोजायचं राहून गेलं का?" आणि उत्तराची वाट पाहावी. हे काम हलके, त्याला मान नाही, म्हणून कुणी घेईना. बोधिसत्त्वाने ते मागून घेतले. आयुष्यभर तो गल्लोगल्ली ती हाक देत फिरला, आणि प्रत्येक हाकेनंतर पुरेसा वेळ थांबला.

ही कथा सांगून तथागत भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा ऋतुपाल राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. विरूपाक्ष देवदत्त होता, वेणुका भिक्षुणी उत्पलवर्णा होती. आणि पद गमावून हाक देत फिरणारा तो अमात्य मीच होतो." त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पूर्ण केली, ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्ण साधना.