वारा मोजणारा मीटर

“मेल्या, परवापासून थेंब नाही आणि तू म्हणतोस पाणी आलं?” नळाखाली ठेवलेली कळशी मीटरवर कडाडली. भांड्यांना तोंड होतं आणि ती माणसांपेक्षा खरं बोलायची, त्या काळातली ही गोष्ट.

मीटर म्हणाला, “कळशीबाई, ओरडू नका. माझं चक्र फिरलं म्हणजे पाणी आलं. टेकडीवरच्या या आळीत तर मी गावात सगळ्यांत जास्त फिरलोय. नगरपालिकेचे साहेब माझा आकडा बघून खूश झाले.”

“खूश झाले आणि आमचा टँकर बंद करून गेले! अरे, पाणी खालच्या आळ्यांतच संपतं. इथं नळातून नुसता वारा फुसफुसतो आणि त्या वाऱ्यावर तू भोवऱ्यासारखा गरगरतोस.”

“वारा की पाणी, ते बघणं माझं काम नाही,” मीटर तोऱ्यात म्हणाला. “मला फिरवलं, मी फिरलो. साहेबांनी मला विचारलं. तुम्हाला कुणी विचारलं?”

कळशीला कुणी विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. सकाळपासून ती नळाखाली आ वासून बसली होती. आळीतली एकूण एक भांडी कोरडी होती. दारात तिरडी बांधून माणसं खोळंबली होती आणि सून पुन्हा पुन्हा येऊन कळशीत डोकावून जात होती.

“आकडा बघा आकडा,” मीटर म्हणाला. “पाणी भरपूर आलंय.”

“मग त्यातलं कळशीभर दे,” कळशी म्हणाली, “आत गोदाक्काला शेवटची अंघोळ घालायची राहिलीय.”