चाकाखालचा दगड

इलाही मुलाणीला ट्रकचं लायसन नुकतंच मिळालं होतं, आणि पहिल्या नोकरीसाठी दोन जागा समोर होत्या. सांगलीची सपाट रस्त्यावरची, बेताच्या पगाराची. आणि कराडच्या काटकर मालकांकडची, भरपूर पगाराची, पण रोज कुंभार्ली घाट उतरायची. घाटाच्या नुसत्या नावालाही तो घाबरे.

तरी तो काटकरांकडे गेला. चार माणसांदेखत मालक गरजले, "अरे, पाय कसले लटपटतायत? माझ्या गाड्यांचे ब्रेक म्हणजे ब्रेक! नुसता पाय टेकव, घाटातसुद्धा जागच्या जागी उभी राहील. भित्र्याचं इथं काम नाही."

इलाहीनं अंगणात पाहिलं. ओळीनं उभ्या असलेल्या प्रत्येक रिकाम्या ट्रकच्या चाकाखाली धोंडा लावलेला होता.

"भित्रा तर मी आहेच, मालक," तो चाचरत म्हणाला. "पण या सपाट अंगणात, रिकाम्या गाडीलासुद्धा तुमचा भरवसा धोंड्यावर. मग भरल्या गाडीत, घाटाच्या उतारावर मी कशावर ठेवू?"

इलाहीनं सांगलीची एसटी धरली. पाय अजून लटपटतच होते, पण निदान सपाटीवर.