अर्ध्या सरोवराची तहान

एका राज्यात राजा होता, नाव भूपसेन. त्याच्या घराण्यावर सृष्टिदेवीची कृपा होती. गादीवर बसणाऱ्याला देवी तेजाच्या ठिणग्या देई, आणि राजाने मनात आणून ठिणगी जमिनीवर ठेवली की हवे ते निर्माण होई. भूपसेनाच्या आजोबांनी नदी निर्माण केली. वडिलांनी आमराया निर्माण केल्या. भूपसेनाने काय केले? काचेचे महाल उभारले, सोन्याचे मोर उभारले. मोर चमकत, पण नाचत नसत.

शेवटी राजाच्या मनात आले, की पृथ्वीवर कुठे नसेल असे सरोवर निर्माण करावे. हाताशी ठिणग्या थोड्याच उरल्या होत्या. तेव्हा मायाधर नावाचा जादूगार पुढे आला आणि म्हणाला, "महाराज, आरंभ करावा. उणे पडेल ते मी घालीन."

राजाने आरंभ केला. मायाधराने काही घातले नाही. सरोवर अर्धेच राहिले. त्याला जीव आला, तहान आली, पण मन आले नाही. अर्धवट निर्मिती जो मंत्राने बांधील त्याची होते, असा नियम. मायाधराने मंत्र टाकून सरोवर बांधले आणि म्हणाला, "पी." सरोवर नदी प्याले. विहिरी प्याले. काठावर धावत आलेल्या राजालाही त्याने पोटात घेतले.

राजाची एकच लेक, वसुमती. ती रडत बसली नाही. एक भारद्वाज पक्षी खिडकीत येऊन म्हणाला, "राजकन्ये, देवीच्या डोंगराची वाट मला ठाऊक आहे." ती म्हणाली, "चल." आणि पायी निघाली.

डोंगरमाथ्यावर सृष्टिदेवी माती मळत बसली होती. तिच्या बोटांतून मुंग्या, फुलपाखरे, कासवे खाली उतरत आणि आपापल्या वाटेने जात. वसुमती ते पाहतच राहिली. एवढ्या लहान मुंगीलाही देवीने सहा पाय मोजून मापून दिले होते!

देवी म्हणाली, "दहा ठिणग्या देते. नियम ऐक. निर्जीव वस्तूला एक. सजीवाला तीन. जो 'हो' म्हणेल आणि 'नाही'ही म्हणेल, त्याला मन द्यावे लागते. त्या मनाच्या पाच. दुसऱ्याच्या निर्मितीत भर घालता येते. मोडायला मात्र एकच ठिणगी पुरते."

"आणि मन दिले, तर?"

"तर त्याच्यावर कोणाचा हुकूम चालत नाही. देणाराचाही नाही."

वसुमतीने नमस्कार केला आणि ती डोंगर उतरू लागली.

पण मायाधराला सुगावा लागला होता. त्याने वाटेत जमीन फाडून दरी केली. वसुमतीने घाईने एक ठिणगी ठेवली आणि दोरांचा पूल केला. वारा आला, पूल उडून गेला. भारद्वाज म्हणाला, "राजकन्ये, ठिणगी ठेवलीस, पण विचार ठेवला नाहीस." तिने मान खाली घातली. मग ती दरीच्या काठी बसली, वारा कुठून येतो ते तिने पाहिले, खडक कुठे पक्का आहे ते चाचपले, आणि दुसरी ठिणगी ठेवली. दगडी कमानींचा पूल उभा राहिला. वारा कमानींखालून गात निघून गेला.

दरीपलीकडे तिच्याच राज्यातली माणसे तहानेने व्याकुळ होऊन बसली होती. गुरांनी माना टाकल्या होत्या. धोंडाई नावाची एक म्हातारी म्हणाली, "बाई, आम्ही जाऊ पुढं कशी तरी. ही वासरं राहतील इथंच."

भारद्वाज कानाशी म्हणाला, "इथे तीन खर्चशील, तर सरोवरापाशी पाचच उरतील."

"आणि नाही खर्चल्या, तर सरोवर भरेल तेव्हा प्यायला कोण उरेल?" वसुमती म्हणाली.

तिने तीन ठिणग्या ठेवल्या. भुईतून एक झाड उठले. त्याची फळे नारळाएवढी होती आणि आत गोड पाणी होते. धोंडाईने पहिले फळ वासराच्या तोंडाला लावले. ते पाहून वसुमतीचे डोळे भरले, आणि ती निघाली.

सरोवराच्या काठी मायाधर उभा होता. सरोवर काळे, निश्चल होते. त्याच्या तळातून फक्त घशाचा कोरडा आवाज येत होता.

मायाधर हसून म्हणाला, "राजकन्ये, एक ठिणगी टाक आणि हे मोडून टाक. उरलेल्या चारांचे महाल उभार."

"मोडले तर प्यालेले पाणी?"

"जाईल."

"आणि माझे वडील?"

मायाधराने नुसते खांदे उडवले.

वसुमती काठावर गुडघे टेकून बसली. उरलेल्या पाचही ठिणग्या तिने ओंजळीत घेतल्या. मायाधराचा चेहरा उतरला. तो ओरडला, "वेडे! मन दिलेस तर ते तुझेही ऐकणार नाही! तुलाच पिऊन टाकील!"

"ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि तिने ओंजळ पाण्यात सोडली.

सरोवर हलले. तळापासून काठापर्यंत उजेड चढत आला. जड, नवखा आवाज निघाला, "मी कोण?"

"तू सरोवर."

"मग मला तहान का?"

"माझ्या वडिलांनी तुला अर्धे सोडले. अपराध आमचा आहे."

मायाधराने हात उंचावून मंत्र म्हटला, "पी तिला!"

सरोवर थोडे थांबले. मग त्याने आपल्या आयुष्यातला पहिला निश्चय उच्चारला.

"नाही."

त्यासरशी मंत्राची दोरी तुटली. मायाधराची सारी विद्या दुसऱ्यांच्या अर्धवट कामांवर जगणारी. बांधायला काही उरले नाही, तशी तीही उरली नाही. तो साधा माणूस होऊन पाय ओढत राज्याबाहेर गेला. कोणी त्याला अडवले नाही.

वसुमतीने हात जोडले. "आज्ञा करीत नाही. विनंती करते. आमचे पाणी दे, माझे वडील दे."

"सगळे दिले, तर मी पुन्हा कोरडा खड्डा होईन."

"सगळे नको. तुला हवे तेवढे ठेव."

सरोवराने आपले पाणी काठापासून काठापर्यंत एकदा हलवून पाहिले. भारद्वाजाने पंख मिटून घेतले. मग एक लाट काठाशी आली आणि तिने भूपसेनाला वाळूवर अलगद ठेवले. पाठोपाठ नदी आपल्या पात्रात उतरली, विहिरींना पाझर फुटले.

राजा उठून बसला, भोवती पाहू लागला, आणि सवयीने म्हणाला, "ह्याला सांग, माझ्या महालापुढे येऊन राहा."

"बाबा, त्याला सांगता येत नाही. विचारावे लागते."

राजाने सरोवराकडे पाहिले. ते आता निळे झाले होते, आणि आपल्याच मर्जीने लहान लहान लाटा करून पाहत होते. राजाने मुकुट काढून वसुमतीच्या मस्तकी ठेवला, मग काठाशी गेला, वाकला, आणि जन्मात पहिल्यांदा एका निर्मितीला विचारले, "थोडे पाणी पिऊ का?"

सरोवर म्हणाले, "हो."

त्या राज्याचे रांजण भरले, तसे ऐकणारांचेही भरोत.