कोंबड्यांसाठी नसलेली लिपी

“...आणि माझं नाव घेऊन, बाबा! नाव घेऊन! कोणाची हिंमत झाली असेल?”

वेस्ताबाबा चुलीपुढे बसून भाकरी भाजत होते. त्यांनी मान वर केली नाही.

जामसिंग धापा टाकत होता. अख्खा डोंगर तो रागाच्या भरात चढून आला होता. खाली पाड्यावर समाजमंदिराच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने लिहून ठेवलं होतं : जामसिंग फुगलेला बेडूक आहे.

तेही त्याच्याच लिपीत!

पाड्याच्या बोलीला लिपी नव्हती. ती जामसिंगने ऐन तारुण्य खर्ची घालून तयार केली. काना नाही, मात्रा नाही. ‘का’ला एक खूण, ‘की’ला दुसरी, ‘कू’ला तिसरी, तोंडातून जेवढे उच्चार निघतात तेवढ्या खुणा. त्यात देवांची गाणी उतरवायची, पूर्वजांची नावं लिहायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं. लोक गुमान शिकले. मग त्यांनी अक्षरं गिरवलेल्या लाकडी पाट्यांना हळदकुंकू वाहिलं, त्या घरोघरी भिंतीला टांगल्या आणि आपापल्या कामाला लागले. कित्येक वर्षांत कोणी एक ओळ लिहिली नव्हती. जामसिंगला त्याचं फारसं वाईटही वाटलं नव्हतं. लिपी पवित्र राहिली होती ना!

“सगळा पाडा हसतोय. बायका पाणी भरायचं सोडून हसतायत.”

“सगळ्या पाड्याने वाचलं?”

“वाचलं म्हणजे? मोठमोठ्याने वाचलं!”

“हं...” बाबांनी भाकरी उलटली.

“आजच्या आज सगळ्या पाट्या जाळतो. लिपी माझी, मी केली, मीच संपवतो. ही माणसं त्या लायकीचीच नाहीत. काल ती जेमली भिंतीवर काय लिहीत होती, ठाऊक आहे? ‘माझी कोंबडी चोरणाऱ्याचे हात झडोत!’ देवांच्या अक्षरांत कोंबडी!”

“मग?”

“पुसलं मी. चारचौघांत. तिच्या हातातला कोळसा हिसकावून फेकून दिला.”

“रडली ती.”

“रडू दे! ...तुम्हाला काय माहीत?”

“मी होतो तिथे. तुझं लक्ष नव्हतं.” बाबांनी भाकरी टोपलीत टाकली. “भिंतीवरचं मीच लिहिलं.”



“तुम्ही? तुम्हाला एक अक्षर येत नाही! किती शिकवलं मी, मख्खासारखे विडी ओढत बसायचात!”

“येत नव्हतं,” बाबा म्हणाले. “काल राग आला.”

...

जामसिंगच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या म्हाताऱ्याच्या पाया पडून त्याने पहिली खूण काढली होती, त्यानेच त्याला भर पाड्यात बेडूक केलं होतं. त्याचं ‘तुम्ही’ गेलं, ‘बाबा’ही गेलं.

“अरे म्हाताऱ्या, तू...”

लहानपणी आज्याकडून ऐकलेल्या, घरच्या बोलीतल्या सणसणीत शिव्या एकमेकींना ढकलत त्याच्या ओठांवर आल्या. अशा शिव्या त्याने कित्येक वर्षांत दिल्या नव्हत्या.

बाबांनी चुलीतून एक जळकं लाकूड ओढलं. राखेत खुपसून विझवलं. जामसिंगपुढे धरलं आणि आपल्या झोपडीच्या सारवलेल्या भिंतीकडे हनुवटी उडवली.

“तोंडाने नको,” ते म्हणाले. “लिही.”