भिवराची मूठ

फार वर्षांपूर्वी, सातवळणी घाटात अजून बैलगाडीही चढत नव्हती, तेव्हा पायथ्याच्या कळकवाडीत भिवरा नावाची बुरडीण राहत होती. तिने विणलेल्या कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, पाटीवर धिप्पाड गडी उभा राहिला तरी पाटी दबत नसे. घाटावर जाणारी मडकी, अंडी, बांगड्या, सगळं तिच्या हातून बांधून जाई. माल बांधला की ती पाटी कानाशी हलवायची. आतून आवाज आला नाही की म्हणायची, "ने बिनघोर."

मग घरात धाकटी जाऊ आली, येसू. तिच्या पाट्या दाबल्या की दबत, सोडल्या की फुगत. भिवरा आळीभर सांगत सुटली, "आमची येसू माल बांधते की खुळखुळा?" बाया हसल्या. पण येसूची अंडी घाटात फुटत नव्हती, आणि लोक तिच्याच दारात थांबू लागले. असं म्हणतात, भिवराच्या मनात हेव्याची इतकी आग होती, की तिच्या चुलीत ओली लाकडंही भडाभडा जळायची.

त्या वर्षी माथ्यावरच्या वाघजाईसाठी दिव्याची काचेची हंडी आली, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. आजवर देवीचं सगळं भिवराने बांधलं होतं. या वेळी पाटलांनी हंडी येसूच्या ओटीत ठेवली.

येसूने आठ दिवस खपून पाटी बांधली. भिवराने ती सगळ्यांदेखत कानाशी हलवली. "ऐका, खुळखुळतेय!" येसूचा चेहरा उतरला. तिने आत पेंढा कोंबला आणि झाकणाला देवीच्या नावाची गाठ मारली. ती गाठ पुजाऱ्यानेच सोडायची.

दुपारी सगळे जेवायला बसले, तेव्हा भिवराने तळाच्या विणीतून बोटं घालून मूठमूठ करत तो पेंढा ओढून काढला. एक काडी ठेवली नाही.

सगळे मिळून घाट चढत असताना पाचव्या वळणावर पाटी लादलेल्या बैलाचा पाय घसरला आणि पाटी दरीत गेली. असं म्हणतात, ती सात वेळा आपटली आणि सात वेळा उसळली.

"गेली काच," पाटील म्हणाले. भिवरा मात्र दरीत उतरली. तुकडे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते.

पाटी करवंदीच्या जाळीत अडकली होती, गाठ तुटली होती. आत दुसरी लहान पाटी होती. कळकाच्या लवचिक कांबींवर ती मधोमध पाळण्यासारखी झुलत होती, आणि तिच्यात हंडी. साधा तडाही नाही.

भिवराने दगड उचलला. वरून कुणाला काही दिसत नव्हतं. पण तिची नजर कांबींवर गेली. कुठली किती सोलली, कुठे वाकवली, कुठे सैल सोडली. हे मला का नाही सुचलं? दगड खाली पडला आणि ती त्याच रागाने रडली. असं म्हणतात, तेव्हा हंडीत तेलावाचून ज्योत लागली. लागली असेल! पण लोक ज्योतीचंच सांगतात आणि कांबी विसरतात. हंडी वाचली ती एका बाईने मोजून सोडलेल्या मोकळ्या जागेमुळे.

भिवरा पाटी डोक्यावर घेऊन वर आली. येसूने तळाशी हात घातला.

"आक्का, पेंढा कुठाय?"

"मी काढला."

"का गं?"

"फुटावी म्हणून."

पाटलांनी काठी आपटली. येसू म्हणाली, "तुझ्या बोलण्याला भिऊन कोंबला होता मी तो. राहिला असता तर आतल्या पाटीला हलायला जागाच नव्हती. फुटलीच असती."

"म्हणजे माझ्याच हाताने वाचली म्हण की!" भिवरा फणकारली.

हेवा काही मेला नाही. दोघी जन्मभर एकमेकींच्या पाट्या कानाशी हलवत राहिल्या.

आता कळकवाडीतून खोकी जातात, ट्रकमधून. पण काचेचा माल बांधून झाला की आजही घरातली थोरली जाऊ येते आणि भरलेल्यातला मूठभर पेंढा काढून वाऱ्यावर सोडते. त्या मुठीला भिवराची मूठ म्हणतात. धाकटीने विचारायचं असतं, "का गं, आक्का?" थोरलीने सगळ्यांदेखत सांगायचं असतं, "फुटावी म्हणून." त्याशिवाय कुणी खोक्याला हात लावत नाही.