मूठभर तांदूळ आणि एक हुंकार

फार फार वर्षांमागे नदीकाठच्या एका नगरात घडलेली ही गोष्ट. लहानांनी मांडी घालून ऐकावी, मोठ्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकावी, आणि मधूनमधून हुंकार द्यावा. का, ते पुढे कळेल.

त्या नगरात घराघराला ओटा होता. व्रताच्या दिवशी बाई ओट्यावर बसायची, मुठीत तांदूळ घ्यायची, निम्मे समोरच्याच्या हातात द्यायची आणि कहाणी सांगायची. समोरच्यानं ‘हूं’ म्हणत शेवटापर्यंत ऐकायचं. हुंकार मिळाला की कहाणी देवीला पोचली, मग बाईनं जेवायचं. आणि ज्याच्या हाती तांदूळ गेले, त्यानं ती कहाणी पुढच्या ओट्यावर न्यायची, अशी रीत.

पुढे एका मोठ्या शेटनं चौकात मंडप बांधला. हजार माणसं बसतील एवढा. वर छत, खाली सतरंज्या, प्यायला वाळ्याचं पाणी, आणि सगळं फुकट. ‘ओट्यावर दोघं ऐकतात, इथे हजार ऐकतील!’ अशी दवंडी पिटली. बायका मंडपात गेल्या. ओट्यांवर आघाडा उगवला.

त्याच नगरात एक बाई एकटी राहायची. माहेरी तिला थोरली म्हणत. आता तिला थोरली म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. आईवडील गेले, यजमान गेले, आणि धाकटी बहीण रुसून गेली.

रुसवा कशावरून, तर मांजरावरून. आईची एक कहाणी होती. एका गरीब बाईकडे एकाच दिव्यापुरतं तेल असतं. ती दिवा उंबऱ्यावर ठेवते, म्हणजे निम्मा उजेड घरच्यांना आणि निम्मा वाटसरूला. त्या उजेडानं देवीला वाट दिसते आणि देवी घरी येते. धाकटी पाच वर्षांची असताना तिनं मध्येच विचारलं होतं, “आणि मांजर कुठं होतं?” आई हसून म्हणाली, “मांजर होय? ते चुलीपाशी निजलं होतं.” तेव्हापासून ते मांजर कहाणीत राहिलं.

आई गेल्यावर पहिल्याच व्रताला धाकटी कहाणी सांगायला बसली. मांजरापाशी आली, तशी थोरली चारचौघींत म्हणाली, “देवीच्या कहाणीत मांजर नसतं. सांगायची तर नीट सांग.”

धाकटीनं मुठीतले तांदूळ तबकात ठेवले. गाडी जुंपायला सांगितली. गेली ती गेली. पुढे पुराच्या साली तिच्या सासरची माणसं गाव सोडून नदीच्या खालच्या अंगाला कुठेशी गेली. कुठे, ते कोणालाच सांगता येईना.

थोरलीनं वसा घेतला. पाच शुक्रवार आईची कहाणी सांगायची, पाच हुंकार मिळवायचे. म्हणजे देवी दुरावलेल्या माणसाचा ठाव देते, असं म्हणत. मंडपात गावोगावची माणसं येतात, कोणी ना कोणी धाकटीला ओळखत असेल, अशा आशेनं ती तिथे गेली.

पहिल्या शुक्रवारी ती मधल्या रांगेत बसली. दुसऱ्या शुक्रवारी तिला मागे सरकवलं. तिसऱ्या शुक्रवारी चोपदार येऊन म्हणाला, “मावशी, तुमच्या कहाणीत भांडण नाही. एखादी खाष्ट सासू घाला. दोन सवती घाला.”

“अरे बाबा, त्यात सासूच नाही.”

“मग ते बघा, तिकडे खांबामागे बसा.”

खांबामागे बसून तिनं दहाजणांना तांदूळ दिले. दहाही जणांचे कान पुढे होते. तिथे दोघीजणी एकमेकींची उणीदुणी काढत होत्या, आणि मधूनच शेटचा माणूस शेटच्या तेलाची तारीफ गात होता. हजार माणसं, पण एक हुंकार नाही.

चौथ्या शुक्रवारी मंडप रिकामा झाला तरी ती बसून होती. झाडणारी बाई आली आणि सतरंज्या झटकू लागली. तांदळाचा ढीग झाला. त्यात थोरलीचे हळद लावलेले दाणेही होते.

“रोज पायलीभर निघतात,” झाडणारी म्हणाली. “शेटच्या कबुतरांना जातात. बघा ना, कशी फुगलीत!”

थोरलीनं आपले पिवळे दाणे वेचून पदरात बांधले आणि घरी आली. ओट्यावरचा आघाडा उपटला, ओटा सारवला, रांगोळी घातली.

शेजारीण मंडपाकडे निघाली होती. ती थबकून म्हणाली, “अगं, इथे बसून ऐकणार कोण? माश्या?”

खरंच, कोणी आलं नाही. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. तिनं दाराला घंटी बांधली. घंटी ऐकून शेळी आली आणि रांगोळीजवळचं फूल खाऊन गेली. उपाशीपोटी ती भिंतीला टेकून बसे. चौकातून मंडपातला हशा ऐकू येई. तो हशा आपल्यासाठी नाही हे ठाऊक असूनही मन तिकडे धावे. खांबामागे का होईना, माणसांचा उबारा तरी होता. इथे संध्याकाळी तिला स्वतःचा आवाजसुद्धा परका वाटे.

सातव्या शुक्रवारी ओट्याच्या कडेवर एक साळुंकी येऊन बसली.

“तू ऐकतेस का गं?” थोरलीनं विचारलं.

“दाणे टाक, ऐकते.”

दाणे टाकले. साळुंकीनं ते टिपले आणि दिवा उंबऱ्यावर यायच्या आतच पंख झाडले.

“अगं, निदान हूं तरी म्हण!”

“पाखराचा हुंकार देवीला चालत नाही, बाई. माझं मात्र बरं चाललंय,” साळुंकी म्हणाली. “आज सात गावं हिंडले. सात ओट्यांवर सात बाया मूठ मिटून बसल्यात. मंडपातून उठून आलेल्या, तुझ्यासारख्याच. सगळ्यांची एकच तक्रार, ऐकायला कोणी येत नाही. प्रत्येकीचे दाणे मीच खाल्ले.”

“सात बाया?” थोरलीनं विचारलं. “मग त्या एकमेकींकडे का जात नाहीत?”

“तू का गेली नाहीस?” साळुंकी म्हणाली, आणि उडून गेली.

थोरलीनं आपल्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं.

पुढच्या शुक्रवारी तिनं आपले तांदूळ पदराला बांधले आणि मोकळ्या हातानं शेजारच्या गावी गेली. पहिल्याच ओट्यावर एक कुंभारीण आजी बसली होती.

“काय हवंय?” आजी म्हणाली. “मडकी संपली.”

“मडकं नको, आजी. कहाणी ऐकायला आले.”

आजीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग तांदूळ दिले. आजीची कहाणी हरवलेल्या म्हशीची होती, आणि म्हैस काही केल्या सापडत नव्हती. ऊन कलायला लागलं. थोरलीच्या पोटात कावळे ओरडत होते, पण तिनं एकही हुंकार चुकवला नाही. म्हैस सापडली तेव्हा आजीच्या डोळ्यांत पाणी होतं.

“माझं शेवटापर्यंत कोणी ऐकलं त्याला लई वर्सं झाली,” आजी म्हणाली. “आता तू सांग, बाय.”

थोरलीनं सांगितली. चुलीपाशी आल्यावर ती जराशी अडखळली, मांजर गाळलं आणि पुढे गेली. आजी शेवटापर्यंत हूं हूं करत होती. पहिला शुक्रवार देवीला पोचला.

मग ती दुसऱ्या ओट्यावर गेली, तिसऱ्या ओट्यावर गेली. प्रत्येक ओट्याची रीत निराळी. कुठे आधी पाय धुवायचे, कुठे आधी गूळपाणी घ्यायचं. पण कुठेच चोपदार नव्हता, कोणाला खांबामागे बसवणं नव्हतं. मंडप काही ओस पडला नाही. तो तसाच गजबजलेला राहिला. पण ओट्याओट्यावरून मूठमूठ तांदूळ पुढे जाऊ लागले.

पाच हुंकार पूर्ण झाले. धाकटीचा ठाव मात्र लागला नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला. थोरली शुक्रवारी ऐकायला जायची, परत येऊन एकटीच जेवायची आणि उंबऱ्यावर दिवा ठेवायची. देवीला घाई नसते, असं मनाशी म्हणायची. कधी त्यावर विश्वास बसे, कधी नुसतंच म्हणे.

चैत्रातल्या एका शुक्रवारी धुळीनं माखलेली एक तरुण बाई दारी आली.

“काकू, ओट्यावर जागा आहे का? कहाणी सांगायची आहे.”

थोरलीनं पाणी दिलं, हात पुढे केला. पाहुणी सांगू लागली, “एका बाईकडे एकाच दिव्यापुरतं तेल होतं...”

आपलीच कहाणी फिरून आली, असं मनात येऊन थोरली हसली आणि हूं म्हणत राहिली.

“...बाईनं दिवा उंबऱ्यावर ठेवला. मांजर चुलीपाशी निजलं होतं...”

थोरलीचा हुंकार थांबला.

“काकू, हूं म्हणा ना. माझा उपास सुटायचा नाही!”

“हूं,” थोरली कशीबशी म्हणाली. “मांजर कोणी सांगितलं तुला?”

“आमच्या गावी, घाटाशेजारी एक बाई राहते. ओट्यावर ही कहाणी आली, तिनं ती शेवटापर्यंत ऐकली आणि म्हणाली, ही आमच्याच घरची आहे, पण यात मांजर राहिलं. आमच्या थोरलीला मांजर चालत नाही.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच थोरली पाहुणीबरोबर निघाली. नऊ गावं चालली, वाटेतल्या ओट्यांवर टेकली. पुढच्या शुक्रवारी दहाव्या गावी पोचली, तेव्हा घाटाशेजारी एक बाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. कपाळावरचे केस पांढरे झाले होते.

थोरलीनं पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. पण ती नुसती समोर बसली, हात पुढे केला आणि म्हणाली, “तू सांग. मी ऐकते.”

धाकटीनं वर बघितलं.

“मांजरासकट?”

“मांजरासकट.”

धाकटीनं सुपातले तांदूळ मुठीत घेतले, निम्मे थोरलीच्या हातात दिले आणि कहाणीला सुरुवात केली. त्या शुक्रवारी दोघी एका पानावर जेवल्या.

जशी देवी थोरलीला पावली, तशी ती खांबामागे बसलेल्या प्रत्येकाला पावो.

बोध: आपलं कोणी ऐकावं असं ज्याला वाटतं, त्यानं आधी उठून दुसऱ्याच्या ओट्यावर ऐकायला जावं.