काठावरचे जाणते

त्या राज्यात जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा कोणी ना कोणी जाणता होता. पाऊस कधी येणार ते मुंग्या सांगत, कोणतं फळ विषारी ते माकडं सांगत. पण जिवाच्या आत जे चालतं, म्हणजे धास्ती, हुरहूर, काही कारण नसताना दाटून येणारं रडू, त्याचा जाणता कोणी नव्हता. त्यासाठी वडाच्या ढोलीतल्या घुबडांकडे जायची रीत होती. घुबडं डोळे मिटून विचार करत. ती इतका वेळ विचार करत की विचारणारा म्हातारा होऊन जाई आणि उत्तर त्याच्या मुलांना मिळे. त्या उत्तराचा अर्थ विचारायला पुन्हा त्याच वडाखाली यावं लागे.

मग त्या ढोलीतल्याच एका पिंगळ्याने भर दुपारी डोळे उघडले. "मिटल्या डोळ्यांनी किती पिढ्या बघायचं?" असं म्हणून तो उडाला आणि नदीच्या काठावर येऊन बसला. त्याने वाळूचा एक तुकडा पंखांनी झाडून साफ केला आणि जाहीर केलं की इथे नुसता विचार होणार नाही, इथे तपासणी होईल. ही पहिली शाळा. पुढे तिच्यातून रुसून बाहेर पडलेल्यांनी आणि तिला नावं ठेवणाऱ्यांनी आपापल्या शाळा काढल्या. हाकेच्या अंतरावर सगळे बसत, पण कोणी कोणाला हाक मारत नसे.

त्याच नदीत पाणमांजरांचं एक कुळ राहत होतं आणि त्या कुळात निवळी नावाची एक तरुण आई होती. मागच्या पुरात तिचा जोडीदार वाहून गेला. ती स्वतः एका ओंडक्याखाली अडकून कशीबशी वर आली. पूर ओसरला, नदी निवळली, पण निवळी त्यानंतर पाण्यात उतरली नाही. काठावरच्या दगडांत खेकडे शोधून ती पोट भरायची. तिची दोन पिल्लं पोहायला शिकली ती दुसऱ्यांच्या मागे लागून. आई मात्र लांबून बघत बसायची.

उन्हाळा चढला तसा डोह आटू लागला. कुळाची प्रमुख म्हणजे निवळीची थोरली आत्या. ती एका सकाळी ओल्या अंगाने तिच्याजवळ येऊन बसली.

"निवळे, मी तुला बोल लावायला आलेली नाही," आत्या म्हणाली. "पण पाणी उतरतंय. महिन्याभरात आपल्याला खालच्या डोहात जायला हवं. घळीतून जाणारी वाट पाण्यातूनच आहे, दुसरी नाही."

"माहीत आहे मला."

"तू आली नाहीस तर पोरांना मी घेऊन जाईन. इथे ठेवून त्यांना उपाशी मारणार नाही. ते मला करायला लावू नकोस."

निवळीने आपल्या पुढच्या पंजाकडे पाहिलं. "मी ह्याला जा म्हणते, आत्या. हा जात नाही. माझाच पाय, आणि माझं ऐकत नाही."

आत्याने मान वळवून काठाकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्या शाळावाल्यांना विचारून बघ. घुबडांपेक्षा तरी लवकर सांगतील."

निवळी आधी पिंगळ्याकडे गेली, कारण तो सगळ्यांत जुना. पिंगळेगुरुजींनी तिला सपाट दगडावर बसवलं आणि पानाच्या द्रोणातून तिच्या पंजावर एक थेंब सोडला.

"काय जाणवलं?"

"पाणी."

"चूक. पाणी ही वस्तू झाली. वस्तूचं नाव घ्यायचं नाही. तुला काय जाणवलं तेवढंच सांग."

"गार."

"आणखी?"

"ओलं. थोडं जड. मग छातीत आवळल्यासारखं. पाठीवर काटा. जीभ कोरडी पडली."

गुरुजी खूश झाले. दररोज थेंब पडू लागले, आणि निवळीच्या ध्यानात एक गोष्ट आली. जिला ती भीती म्हणत होती तो एक मोठा काळा गोळा नव्हता. त्याचे भाग होते. छातीतली आवळ वेगळी होती, पाठीवरचा काटा वेगळा होता, आणि एकेक करून बघितलं तर दोन्ही सोसण्यासारखी होती. तिला जरा हायसं वाटलं.

"पण गुरुजी, ह्या तुकड्यांचं मी करू काय?"

"करायचं?" पिंगळ्याने डोळे मोठे केले. "करायचं काहीच नाही. अजून बारीक तुकडे पाडायचे."

वरच्या फांदीवर खारबाई बसल्या होत्या. एकेकाळी त्या गुरुजींच्याच विद्यार्थिनी होत्या. निवळी निघाली तशा त्या सरसर खाली उतरल्या.

"तुकडे मोजून का कोणाचं पोट भरतं?" त्या म्हणाल्या. "माझ्याकडे भीती आहे म्हणून मी घारीच्या तावडीत सापडत नाही. तुझी भीती काय काम करते ते सांग."

निवळीला असं कोणी विचारलं नव्हतं. ती विचार करून म्हणाली, "मला पुन्हा बुडू देत नाही."

"म्हणजे ती तुझी वैरी नाही. राखणीला बसलेली आहे. पूर ओसरलाय हे तिला कोणी कळवलेलं नाही, एवढंच." खारबाईंनी शेपटी झटकली. "कळव तिला," असं म्हणून त्या आपल्या कामाला निघूनही गेल्या. कसं कळवायचं ते राहिलंच.

त्यापुढची शाळा टिटवीची. ती निवळीला तोंडच उघडू देईना. "आतलं मला काही सांगू नकोस. आत काय आहे ते मला दिसत नाही आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर मी वेळ घालवत नाही. पाय दिसतात. पाय कुठे पडतात ते आपण बघू." मग ती एकदा मोठ्याने ओरडायची आणि लगेच एक मासा वाळूवर टाकायची. दुसऱ्या दिवशी तो मासा पाण्याच्या जरा जवळ पडायचा, तिसऱ्या दिवशी आणखी जवळ. हळूहळू असं झालं की टिटवी ओरडली की निवळीच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि पाय आपोआप पुढे पडायचे. एका सकाळी तिने खाली पाहिलं तर ती गुडघाभर पाण्यात उभी होती. ती चकित झाली. पुरानंतर इतकं पाणी तिच्या अंगाला लागलं नव्हतं.

पण तिथून पुढे मात्र ती जाईना. टिटवी घसा कोरडा होईपर्यंत ओरडली. मासा तरंगत निघून गेला. निवळी तिथेच उभी राहिली.

"हे असं व्हायला नको होतं," टिटवी नाराजीने म्हणाली.

राहिले साळिंदरबुवा. ते उंच दरडीखाली बीळ खणून राहत होते आणि वरवरचं काही खरं नसतं, खरं ते खाली पुरलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी निवळीला बिळाच्या तोंडाशी आडवं व्हायला सांगितलं आणि स्वतः तिच्या डोक्यामागे, तिला दिसणार नाहीत असे बसले.

"बोल."

"काय बोलू?"

"जे येईल ते."

पहिले काही दिवस ती खेकड्यांबद्दल बोलली, पिल्लांबद्दल बोलली. मग जोडीदाराबद्दल बोलली आणि रडली. मग पुराबद्दल. साळिंदरबुवा मध्ये मध्ये एवढंच म्हणत, "आणखी खाली." अखेर एका दुपारी ती ओंडक्यापाशी पोचली.

"पाणी गढूळ होतं. वर कुठे, खाली कुठे, कळत नव्हतं. मी धडपडत होते. मग..." ती थांबली.

"मग?"

"मग मी धडपडायची थांबले. थोडा वेळच. आवाज सगळे बंद झाले होते. मला तिथे बरं वाटलं, बुवा. वाटलं की नको आता वर जायला." तिने तोंड पंजांत लपवलं. "वर दोन पिल्लं होती माझी. आणि मला खाली बरं वाटलं. ओंडका आपोआप सरकला म्हणून मी वर आले. मला पाण्याची भीती नाही वाटत. पुन्हा तसंच बरं वाटेल, आणि ह्या वेळी मी वर येणार नाही, ह्याची वाटते."

हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही. बोलून झाल्यावर अंगातलं बळ गेल्यासारखी ती पडून राहिली आणि मागून एखादा शब्द येईल म्हणून वाट पाहू लागली.

साळिंदरबुवांचे सगळे काटे उभे राहिले होते. "सापडलं!" ते म्हणाले आणि इतरांना सांगायला काठाने पळत सुटले.

कुळ निघायचा दिवस उजाडला. पलीकडच्या खडकांवर पाणमांजरं जमली होती आणि आत्याने निवळीच्या पिल्लांना आपल्या दोन्ही बाजूंना घेतलं होतं. पिल्लं आईकडे बघत होती. निवळी अलीकडे गुडघाभर पाण्यात उभी होती. टिटवी एक शेवटचा प्रयत्न करून बघत होती. बाकीचे शाळावाले तिच्यामागे वाळूवर गोळा झाले होते, कारण निवळी कोणाची ते आज ठरणार होतं.

"ती इथवर आली ती माझ्या हाकेमुळे," टिटवी म्हणाली.

"हाकेने पाय हलले. गाठ मी सोडवली," साळिंदरबुवा म्हणाले.

"गाठ कोणी पाहिली? दाखवा मला गाठ!"

"तुला वाळूतले ठसे सोडून काय दिसतं?"

"दोघेही थांबा," पिंगळा म्हणाला. "आधी तिला नेमकं काय जाणवतंय ते तपासलंच गेलेलं नाही."

"गुरुजी, तुमचं तपासून होईपर्यंत नदी आटेल!" खारबाई ओरडल्या.

तेवढ्यात वरून घार उतरली. तिचीही शाळा होती, पण ती आभाळात भरत असल्यामुळे तिच्याकडे फारसं कोणी जात नसे. "तुम्ही सगळे थेंब घेऊन भांडताय," ती म्हणाली. "वरून बघा. ती, तिची पिल्लं, तो पूर, हा काठ, सगळं मिळून एकच चित्र आहे. ते तोडलंत की हातात काही राहत नाही." ह्यावर बाकीचे चौघे एकमेकांना सोडून तिच्यावर तुटून पडले. मग तर काही ऐकू येईनासं झालं.

निवळीचे कान किटले. छातीत आवळ होती. ती तिने ओळखली. पाठीवर काटा होता, तोही ओळखला. आत कोणीतरी राखणीला बसून तिला मागे ओढत होतं. पूर ओसरलाय, तिने त्याला मनातल्या मनात सांगितलं. बघ, तळ दिसतोय. मागून पाचही आवाज एकदम चढले, आणि तेवढ्यापुरतं ते ऐकू येऊ नये म्हणून तिने डोकं पाण्याखाली घातलं.

सगळं शांत झालं.

तीच शांतता होती ती. तिने ती लगेच ओळखली आणि तिच्या काळजात धस्स झालं. ती वाट पाहत राहिली की आता ही शांतता आपल्याला धरून ठेवील. पण शांततेने काही केलं नाही. ती नुसती होती, हिरवट, उजेडाने भरलेली, आणि बरं वाटत होतं. बरं वाटतंय, निवळीने कबूल केलं, आणि समोरून एक मासा गेला. तिला भूक लागली होती. तिने तळाला पाय मारला.

वाळूवर भांडण चालूच होतं. ती पाण्यात कधीतरी उतरेल की नाही ह्यावर दोन मतं पडली होती.

"अहो!" पलीकडून आत्याची हाक आली. "माझी निवळी कुठे आहे?"

पाचही जण वळले. जिथे ती उभी होती तिथे पाण्यावर नुसती वलयं होती. साळिंदरबुवा सगळ्यांत आधी धावले, त्यांच्यामागे टिटवी, मग सगळेच. पाण्याच्या कडेशी सगळे अंगाला अंग लावून उभे राहिले. टिटवीला साळिंदराचा काटा टोचला, पण तिने पंख काढून घेतला नाही.

"निवळे!" टिटवी ओरडली. तिच्या आवाजात शिकवणं नव्हतं.

"मी तिला एकटी टाकून पळालो," साळिंदरबुवा पुटपुटले. "एवढं बोलली ती, आणि मी पळालो."

पिंगळा एकसारखं म्हणत होता, "पोरी, वर ये. पोरी, वर ये."

नदीच्या मधोमध पाणी फुटलं आणि निवळी वर आली. तिच्या तोंडात मासा होता. तिने श्वास घेतला, डोकं झटकलं आणि सरळ पलीकडच्या खडकाकडे निघाली. पिल्लं आत्याची वाट न बघता पाण्यात पडली. तिघांचा एकच गुंता झाला आणि त्यात मासा कोणी खाल्ला ते कळलं नाही.

"उशीर केलास," आत्या म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. डोळे पुसायला पंजा कोरडा नव्हता.

"आत्या, खाली शांत असतं," निवळी म्हणाली. "आणि वरही येता येतं."

"हो गं बाई. येता येतं."

घळीकडे निघण्याआधी ती पिल्लांना घेऊन अलीकडच्या काठाशी आली. जाणते अजून तसेच उभे होते, एकमेकांना चिकटून, थोडे ओशाळलेले. निवळीने प्रत्येकाचं नाव घेऊन त्यांचे आभार मानले. आपापल्या नावावर प्रत्येकाने मान खाली घातली.

मग पिंगळ्याने घसा साफ केला. "निवळे, एक विचारू? तपासणी नाही, असंच. आत कसं असतं? आम्ही ह्याच काठावर म्हातारे झालो, पण कधी उतरलो नाही."

ती सांगायला गेली आणि हसली. "सांगून नाही कळायचं, गुरुजी. या ना. घोट्यापर्यंत या. मी आहे."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. साळिंदरबुवांनी काटे मिटून घेतले आणि पहिला पाय पाण्यात टाकला.

कुळ घळीतून निघून गेल्यावर दुपारी काठावर कोणी नव्हतं. वाळूत पाच वाटांचे ठसे उमटलेले होते. एक वाट झाडाखालून आलेली, एक दरडीतून, एक झाडून साफ केलेल्या तुकड्यावरून. प्रत्येक ठसा वेगळा आणि कोणाचा ते सांगता येईल इतका स्पष्ट होता. पाण्याच्या कडेशी ते सगळे अगदी जवळजवळ आले होते. तिथून पुढे ठसे नव्हते, नदी होती.